नाव नको, माप सांगा
जुनी बुलेट लांबच्या प्रवासाला कशी टिकते आणि तिचे पार्ट कसे मिळतात

दोन बुलेट आहेत असं समजा. दोन्ही १९८८च्या, एकाच कारखान्यातून निघालेल्या. पहिली एका दूधवाल्याची. रोज पहाटे कॅन बांधून निघते, ऊन-पाऊस बघत नाही, आणि लाखभर किलोमीटर कधीच पार करून बसली आहे. दुसरी एका हौशी मालकाची. कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी असते, चकचकीत आहे आणि इतक्या वर्षांत जेमतेम वीस हजार किलोमीटर चालली आहे. उद्या दोन्ही पुण्याहून कन्याकुमारीला निघाल्या, तर वाटेत आधी कोणती बंद पडेल?

बहुतेक जण दूधवाल्याच्या गाडीकडे बोट दाखवतील. कसलेला मिस्त्री मात्र दुसरीकडे दाखवील, आणि त्याचंच बरोबर असेल.

कमी चाललेली गाडी आधी का बिघडते हे कळलं, की जुन्या गाडीची अर्धी देखभाल कळली. उरलेली अर्धी म्हणजे पार्ट. जी गाडी बनवणं कंपनीने कधीच थांबवलं, ती चालू ठेवणारी माणसं तिचे पार्ट आणतात तरी कुठून? मला वाटतं, याचं उत्तर कोणत्या दुकानात जायचं यापेक्षा दुकानात जाऊन काय सांगायचं यात आहे. म्हणूनच या लेखात गाडीइतकंच मोजमापाबद्दलही बोलायचं आहे.

आधी आपली बुलेट ओळखा

भारतीय लष्कराने इंग्लंडकडून ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या आणि त्या मागणीतून १९५५ मध्ये एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. रेडिच गावातली मूळ रॉयल एन्फिल्ड आणि मद्रास मोटर्स यांची ही भागीदारी. कारखाना मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला आणि १९७० पर्यंत इंग्लंडमधलं उत्पादनच थांबलं. इथे मात्र त्याच आराखड्याचं इंजिन थोड्याफार फेरफाराने २०१० च्या आसपासपर्यंत बनत राहिलं. ७० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, ९० मिलिमीटरची पिस्टनची धाव, ३४६ सीसी. सिलिंडर बिडाचा म्हणून लोक त्याला ‘कास्ट आयर्न’ किंवा नुसतं ‘सीआय’ इंजिन म्हणतात.

एकच आराखडा अर्धशतकाहून जास्त चालला, हे जुन्या बुलेटवाल्यांचं मोठं भाग्य. १९७५च्या गाडीला १९९५च्या गाडीचे कितीतरी भाग बसतात. पण ‘कितीतरी’ म्हणजे ‘सगळे’ नव्हेत. जुन्या गाड्यांची वायरिंग ६ व्होल्टची, नंतरच्यांची १२ व्होल्टची. जुन्यांचा गिअर उजव्या पायाला आणि चार टप्प्यांचा. २००० नंतरच्या काही मॉडेलांत तो डावीकडे गेला आणि पाच टप्प्यांचा झाला. मधल्या काळात अॅल्युमिनियमच्या सिलिंडरचं ‘एव्हीएल’ इंजिन आलं. मग इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेलं ‘यूसीई’ आलं, त्याचे तर भागच निराळे. म्हणून पार्ट मागताना ‘बुलेट’ एवढं म्हणून भागत नाही. वर्ष, इंजिनाचा प्रकार, गिअरची बाजू आणि व्होल्ट, एवढं तरी सांगता आलं पाहिजे.

किलोमीटरने झिजणारं आणि वर्षांनी मरणारं

गाडीतले भाग दोन रीतींनी संपतात. पिस्टनच्या रिंगा, चेन, क्लच प्लेट, ब्रेक शू हे घासून झिजतात. त्यांचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजायचं. रबर, तेल, बॅटरी आणि वायरींची आवरणं नुसत्या काळाने संपतात. त्यांना गाडी चालली की उभी राहिली याच्याशी देणंघेणं नसतं.

टायरचंच घ्या. रबर मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेले तेलकट पदार्थ हळूहळू निघून जातात. हवेतला ओझोन पृष्ठभागावर बारीक चिरा पाडतो. नक्षी शाबूत असते, पण ओल्या रस्त्यावरची पकड गेलेली असते. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे उठवलेले दिसतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात ‘अगदी नवा’ म्हणून समोर आलेल्या टायरचेही हे आकडे वाचावेत.

तेलाची गोष्ट अधिक लक्ष देण्यासारखी आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होतं, अर्थात वाफेच्या रूपात. इंजिन नीट तापलेलं असेल तर ही वाफ बाहेर निघून जाते. पण ‘उभ्या गाडीची काळजी’ म्हणून दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून बंद केली, तर वाफ थंड धातूवर जमते, तेलात उतरते आणि जळणातून आलेल्या आम्लांबरोबर बेअरिंगांना गंज चढवते. सायलेन्सरही आतून कुजतो. गाडी सुरू करायचीच असेल तर अर्धा तास फिरवून आणा. नाहीतर तिला हातच लावू नका.

दूधवाल्याची बुलेट रोज तापते, तिचं तेल वेळच्या वेळी बदललं जातं, सील ओले आणि मऊ राहतात. हौशी मालकाच्या गाडीचे सील सुकून कडक झालेत, कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा राळेसारखा थर बसलाय, बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा थर चढलाय. ही दुखणी पार्किंगमध्ये जाणवत नाहीत. सलग दोनशे किलोमीटरच्या उष्णतेत ती एकापाठोपाठ एक वर येतात.

तेल गेलं कुठे?

महिनाभर उभ्या बुलेटची तेलाची पट्टी काढून बघितली, तर तेल जवळजवळ नाहीच असं दिसतं. मालक घाबरून अर्धा-पाऊण लिटर ओततो. गाडी सुरू होते, मागून पांढरट निळ्या धुराचा लोट निघतो आणि ब्रीदरच्या नळीतून तेल बाहेर फेकलं जातं. मग कोणीतरी ‘रिंगा गेल्या’ असं ठरवून इंजिन उघडायला निघतं. खरं तर इंजिनाला काहीही झालेलं नसतं.

बऱ्याच मोटारसायकलींमध्ये तेल इंजिनाच्या तळाशीच साठतं. बुलेटमध्ये त्याची टाकी क्रँकच्या मागे, त्याच कवचात ओतलेली, पण वेगळी असते. दोन पंप असतात. एक टाकीतलं तेल क्रँककडे पाठवतो. दुसरा, जास्त क्षमतेचा, तळाशी गळलेलं तेल उपसून टाकीत परत आणतो. गाडी चालू असेतो तळ जवळपास कोरडा राहतो. गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल पाठवणाऱ्या पंपाच्या चकतीच्या फटीतून थेंबथेंब तळात झिरपतं. पट्टी टाकीत आहे, तळात नाही. त्यामुळे ती तेल कमी दाखवते, पण तेल इंजिनातच असतं. त्यात आपण वरून आणखी ओतलं, तर परतीचा पंप सगळं तेल टाकीत आणतो आणि जागेअभावी ते ब्रीदरवाटे बाहेर पडतं.

उपाय साधा आहे. इंजिन दोन-चार मिनिटं चालवा, बंद करा, मग पट्टी बघा. गाडी कित्येक महिने उभी असेल तर तळाचा ड्रेन बोल्ट उघडून साठलेलं तेल आधी काढून घेतलेलं बरं. एका रात्रीतच सगळं तेल उतरत असेल, तर पंपाची चकती आणि तिची बैठक झिजली आहे. ती घासून एकमेकींशी सपाट बसवून घ्यावी लागते.

सीआय बुलेटमध्ये तेल तीन ठिकाणी असतं: इंजिनात, गिअरबॉक्समध्ये आणि डावीकडच्या प्रायमरी चेनच्या डब्यात. इंजिनाला २०डब्ल्यू५० जातीचं मिनरल तेल चालतं. पुष्कळ जण तेवढंच बदलतात आणि बाकीची दोन विसरतात. तेलाबरोबर फिल्टर बदलावा. टायमिंग कव्हर काही कारणाने उघडलंच, तर क्रँकच्या टोकाशी तेल पोहोचवणारा छोटा सीलही बदलून टाकावा. त्याची किंमत नगण्य असते, पण तो फाटला तर बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला, तेल पोहोचत नाही आणि फुल इंजिनाचं काम निघतं.

टॅपेट पहाटेच का बघायचे

लांबच्या प्रवासात जुन्या बुलेटचं एक काम सकाळी, इंजिन रात्रभर गार झाल्यावरच करतात. सिलिंडरच्या उजव्या अंगाला एका नटाने बसवलेलं झाकण असतं. ते काढलं की दोन पुशरॉड दिसतात. हे रॉड खालचा कॅम आणि वरचा व्हॉल्व्ह यांच्यामधले निरोपे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. आता अंगठा आणि तर्जनी यांमध्ये रॉड धरून फिरवायचा. तो मोकळेपणाने फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. अडकत असेल तर घट्ट, खडखडत असेल तर सैल. तीन बारीक पाने लावून खालचा नट सोडायचा, किंचित फिरवायचा, पुन्हा कसायचा आणि पुन्हा बोटांनी बघायचं. नट कसताना माप हलतं, म्हणून शेवटची तपासणी नट कसल्यावरच करायची.

इथे फट शून्य ठेवून कसं चालतं? रॉड अॅल्युमिनियमचे आहेत आणि सिलिंडर बिडाचा. तितक्याच उष्णतेला अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट वाढतं. पण सिलिंडर रॉडपेक्षा खूप जास्त तापतो. कमी वाढणारा भाग जास्त तापला आणि जास्त वाढणारा कमी तापला, त्यामुळे दोन्हींची वाढ बरीचशी जुळते. तापलेल्या इंजिनावर हे माप घेतलं तर हिशेबच चुकतो.

रॉडखालचा हा जुळवणीचा भाग म्हणजे टॅपेट. सैल टॅपेट टिकटिक करतो. तो ऐकू येतो, म्हणून त्याचा धोका कमी. घट्ट टॅपेट गप्प असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बैठकीवर टेकल्यावर तिच्यात सोडतो. टॅपेट घट्ट असला की तो पूर्ण टेकत नाही, उष्णता जात नाही आणि फटीतून जळता वायू सुटत राहतो. काही शे किलोमीटरमध्ये व्हॉल्व्हची कड जळते. म्हणून जुन्या बुलेटचं इंजिन अगदी नि:शब्द झालं, तर खूश होण्याआधी टॅपेट बघावेत. (यूसीई इंजिनात तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट आहेत. त्यांना हे काम लागत नाही.)

अँपिअरच्या काट्याची भाषा

जुन्या बुलेटच्या हँडलशेजारी एक छोटं अँपिअर मीटर असतं. किक मारताना बुलेटवाला त्याच्याकडे बघतो, ते उगाच नाही. दिवे बंद ठेवून चावी लावली आणि पॉइंट (ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असले, तर कॉइलमधून वीज वाहते आणि काटा वजाकडे झुकतो. किक हळूहळू दाबत गेलं की एका क्षणी काटा मध्यावर येतो, कारण पॉइंट उघडले. ठिणगी पडण्याची हीच जागा, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाजवळ आला. मग सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डिकॉम्प्रेसरचा खटका ओढून पिस्टन किंचित पुढे न्यायचा आणि एक पूर्ण, मोकळी किक मारायची. किक उलटी बसत नाही.

हाच काटा रस्त्यात बिघाडही सांगतो. किक दाबूनही तो कधीच झुकला नाही, तर बॅटरी मेली आहे, वायर सुटली आहे किंवा पॉइंटवर मळ आहे. झुकला आणि मध्यावर कधीच आला नाही, तर पॉइंट उघडतच नाहीत किंवा त्यांची वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. अर्धा बिघाड पाना न उचलता सापडतो.

पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात, फिलर गेजने मोजून. फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते, गाडी तापते आणि चढावर दम टाकते. पॉइंटच्या जोडीला असलेला कंडेन्सर पॉइंट उघडतानाची विजेची उसळी पिऊन टाकतो. तो खराब झाला की पॉइंट काळेनिळे जळतात. गाडी गार असताना ठीक चालते, तापली की ठसकते आणि तासभर थांबलं की पुन्हा सुरू होते. असा लपंडाव सुरू झाला तर आधी कंडेन्सर बदलून बघावा.

पेट्रोल बदललं, कार्ब्युरेटर तोच

२०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांच्या घरात पोहोचलं. सीआय बुलेट बनली तेव्हा हे पेट्रोल नव्हतं. त्यामुळे तीन गोष्टी होतात. जुन्या जातीचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं किंवा ठिसूळ होतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे टाकी आतून गंजते. आणि ते टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सोडवतं, जो थेट जेटमध्ये जाऊन बसतो.

चौथा परिणाम दिसत नाही. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून ते जळायला हवा कमी लागते. इंजेक्शनच्या नव्या गाड्या सेन्सरवरून हे ओळखून पेट्रोल वाढवतात. कार्ब्युरेटर मात्र चव न घेता ठरलेल्या चमच्याने मीठ टाकणाऱ्या आचाऱ्यासारखा आहे. पेट्रोल बदललं तरी त्याचं प्रमाण तेच. परिणामी मिश्रण हवेकडे झुकतं आणि इंजिन जास्त तापतं. उंचावर याच्या उलट होतं. खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटर उंच आहे, तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याजवळ येतो. पेट्रोल त्याच मापाने येत राहतं, हवा विरळ होते आणि गाडी काळा धूर सोडत गुदमरते.

काय चाललंय ते प्लग सांगतो. वेगाने चालवून लगेच बंद केलेल्या इंजिनाचा प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर ठीक. काळा, कोरडा काजळ धरलेला असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर हवा जास्त. अशा वेळी मेन जेट एक माप मोठा लावून पुन्हा बघायचं. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि कार्ब्युरेटरच्या ओ-रिंगा इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घ्याव्यात. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो.

काउंटरवर काय सांगायचं

आता पार्टांकडे. पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग, चेन्नईत पुदुपेट ही जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची ठिकाणं. नाना पेठेतल्या कुठल्याही गर्दीच्या दुकानात थोडा वेळ थांबलं तर असा संवाद कानावर पडेल:

“शेठ, जुन्या बुलेटच्या मागच्या चाकाचं बेअरिंग आहे का?”

“गाडी राहू द्या, नंबर सांगा.”

“नंबर माहीत नाही, हे जुनं आणलंय.”

काउंटरमागचा माणूस ग्रीसने माखलेलं बेअरिंग चिंधीने पुसतो, उजेडाकडे तिरकं धरतो, कडेवर कोरलेला आकडा वाचतो आणि मागच्या फळीवरून डबी काढून समोर ठेवतो. डबीवर बुलेटचं नाव कुठेच नसतं.

बेअरिंगचे आकडे जगभर सारखे असतात. ६२०४ घ्या. पहिला ६ म्हणजे साध्या गोळ्यांचं बेअरिंग, २ म्हणजे त्याची जाडीरुंदीची मालिका, आणि शेवटचे ०४ पाचने गुणले की आतला व्यास मिळतो, २० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ४७, रुंदी १४. चेन्नईत घ्या नाहीतर चेकियात, ६२०४ याच मापाचं मिळणार. तेच बेअरिंग पाण्याच्या पंपातही सापडतं. आकड्यापुढची अक्षरंही वाचावीत. ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, ‘टूआरएस’ म्हणजे रबराचं, ‘सीथ्री’ म्हणजे आत गोळ्यांना जरा जास्त मोकळीक. इंजिनाच्या आतल्या बेअरिंगसाठी ही मोकळीक महत्त्वाची असते. तिथे नुसता आकडा जुळवून चालत नाही.

ऑइल सीलचंही तसंच. त्यावर ‘३०-४२-७’ असं काही कोरलेलं असतं: शाफ्टचा व्यास, भोकाचा व्यास आणि जाडी. चेनवरचा ५३० हा आकडा इंचाच्या अष्टमांशांत वाचायचा. दोन पिनांमधलं अंतर पाच अष्टमांश इंच, आतली रुंदी तीन अष्टमांश. ५२० ची पिनांमधली लांबी तीच, पण रुंदी कमी. म्हणून ५३० च्या चेनला ५२० ची जोडकडी बसत नाही.

एकदा हे आकडे वाचायला जमलं, की गाडी बंद झाली म्हणून पार्ट बंद झाला असं राहत नाही. बेअरिंग, सील, चेन, ओ-रिंग, बल्ब, प्लग हे भाग कोणत्याच एका गाडीचे नसतात.

दोन आटे बसणारा नट

बुलेटवर एक सापळा मात्र आहे. तिचा जन्म इंग्लंडचा, म्हणून तिचे कितीतरी बोल्ट इंचाच्या मापातले. नंतर इथे मिलिमीटरचे बोल्टही आले. एकाच गाडीवर दोन्ही सापडतात. पाच-सोळांश इंचाचा जुना ब्रिटिश बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्यांना ८ मिलिमीटरचाच वाटतो. पण बारीक आट्याच्या ब्रिटिश बोल्टवर इंचाला २२ आटे, तर साध्या ८ मिलिमीटरच्या बोल्टवर इंचाला साधारण २० पडतात. शिवाय ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि मिलिमीटरवाल्याचा ६० अंशांचा. चुकीचा नट दोन वळसे बोटाने बसतो, मग अडतो. इथे पान्याने जोर लावला की आटे जातात, आणि अॅल्युमिनियमच्या कवचातले आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचं नवं आटेदार वेटोळं, बसवावं लागतं.

म्हणून नट शेवटपर्यंत बोटाने फिरला पाहिजे, हा नियम. आटे मोजायचा गेज स्वस्त असतो. कंगव्यासारखं पातं बोल्टवर टेकवून उजेडात बघायचं. काढलेला बोल्ट ज्या भोकातून निघाला, त्याच भोकात परत गेला पाहिजे.

कंपनीचा, जुना स्टॉक, लोकल की भंगारातला

मापाने न मिळणाऱ्या, फक्त याच गाडीच्या भागांसाठी चार वाटा आहेत.

पहिली, कंपनीचा किंवा कंपनीला पुरवणाऱ्या कारखान्याचा माल. मिळाला तर प्रश्नच मिटला.

दुसरी, जुना पण न वापरलेला स्टॉक. गिअर, शाफ्ट, पाइप असे धातूचे भाग कागदात गुंडाळलेले मिळाले तर सोनंच. पण तीस वर्षं डबीत पडलेलं सील किंवा कंडेन्सर नवा दिसला तरी त्याचं वय झालेलं असतं. धातू जुना घ्यावा, रबर नवं घ्यावं.

तिसरी, लोकल माल. हा सगळाच वाईट नसतो. मडगार्ड, आरसे, झाकणं बिनधास्त घ्यावीत. कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, गिअर आणि ब्रेकचे भाग यांत मात्र धातूला दिलेली उष्णता-प्रक्रिया महत्त्वाची, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. गिअरच्या न लागणाऱ्या कडेवर कानस हलकेच ओढून बघावी. नीट कडक केलेल्या पोलादावरून ती घसरते. चावून पुढे गेली तर तो गिअर मऊ आहे. बाकी भागांना व्हर्निअर लावून जुन्या भागाशी मापं जुळवावीत.

चौथी, भंगारातल्या गाडीचे भाग. यात कागदांची काळजी घ्यायची. क्रँककेसवर इंजिन नंबर असतो. तो भाग बदलला तर आरटीओत नोंद लागते, म्हणून विकणाऱ्याकडून गाडीच्या कागदांसकट लेखी पावती घ्यावी. चेसिस नंबर असलेला सांगाडा कागदांशिवाय घेऊच नये.

या चारही वाटा खुंटल्या तर लेथवाला आहे. गनमेटलचे बुश, स्पेसर, पिना तो मापाने करून देतो. सिलिंडर झिजला तर बोअर मारून ठरावीक मापाचा मोठा, ‘ओव्हरसाइझ’ पिस्टन बसवतात. पिस्टनची शेवटची मोठी पायरीही संपली तर नवी स्लीव्ह घालून पुन्हा मूळ ७० मिलिमीटरवर येता येतं. बिडाच्या सिलिंडरची ही मोठी सोय. पिस्टन आधी घ्यावा आणि तो हातात घेऊन, त्याच्या मापाने बोअर मारून घ्यावा, उलट कधीच नाही.

हीच रीत इतर जुन्या प्रवासी गाड्यांनाही लागू आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ ते १९९६ दरम्यान जावा आणि येझदी निघाल्या. त्यांच्याच घराण्यातल्या चेक गाड्या पुढेही बनत राहिल्याने काही भाग तिकडून येतात. १९८० च्या दशकातल्या राजदूत ३५० चं मूळ यामाहाच्या आरडी ३५० मध्ये आहे, म्हणून तिचे भाग शोधणाऱ्याने यामाहाच्या पार्ट नंबराने शोधावं. या टू-स्ट्रोक गाड्यांत क्रँकचे सील पहिल्यांदा बघावेत. सुकलेल्या सीलमधून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो.

चौकट : निघण्यापूर्वी आणि सोबत

निघण्याच्या दोन आठवडे आधी
• तिन्ही तेलं आणि तेलाचा फिल्टर बदला. पट्टी इंजिन चालवून मगच बघा.
• टॅपेट आणि पॉइंट गार इंजिनावर तपासा.
• टायरचे चार आकडे वाचा. चिरा असतील तर नक्षी न बघता बदला.
• ब्रेक ड्रम उघडून शू बघा. जुन्या शूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.
• नव्या पार्टांसह किमान दोनशे किलोमीटर घराजवळ फिरा.

सोबत घ्या
• क्लच आणि अॅक्सिलरेटरची वायर. नवी वायर जुनीच्या शेजारी आधीच ओढून बांधून ठेवा. तुटली तर फक्त टोकं बदलायची.
• पॉइंट, कंडेन्सर, प्लग, चेनची जोडकडी, ट्यूब, फ्यूज, बल्ब.
• फिलर गेज, इंचाचे आणि मिलिमीटरचे पाने, बांधायची तार.

घाटात
• उतारावर खालच्या गिअरमध्ये राहा. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो आणि ब्रेक उतरतो.

कागद
• खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण.
• ५० वर्षांपुढच्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी केली, तर ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. प्रवास करायचा असेल तर आधी विचार करा.
• दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांचे नियम वेगळे आणि बदलते आहेत. ताजी स्थिती बघूनच रस्ता ठरवा.

वही ठेवा

बुलेटचं पोट आवाजावरून ओळखणारे मिस्त्री आता वयस्क झाले आहेत. त्यांची मुलं इंजेक्शनच्या गाड्या शिकली, आणि ते योग्यच आहे. पोट त्यावर चालतं. पण कोणत्या वर्षीच्या चाकाला कोणतं बेअरिंग, कोणत्या नटाला इंचाचा पाना, कोणत्या जागी दुसऱ्या गाडीचं सील चपखल बसतं, हे सगळं या माणसांच्या डोक्यात आहे. बरंचसं कुठेही लिहिलेलं नाही. ते गेलं तर गाड्या शाबूत असूनही दुरुस्त करता येणार नाहीत.

म्हणून प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने एक वही ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. डाव्या पानावर तारीख, किलोमीटर आणि केलेलं काम. उजव्या पानावर निघालेल्या भागाचे आकडे, व्हर्निअरने घेतलेली मापं, आट्यांची जात, कुठून घेतला आणि तो किती टिकला. चाक उघडलं की बेअरिंगचा नंबर उतरवून घ्या, सील काढलं की त्यावरचे तीन आकडे लिहा. मिस्त्री काम करत असेल तेव्हा शेजारी बसून विचारा. बहुतेक जण आनंदाने सांगतात. त्यांना आजवर कोणी विचारलेलंच नसतं. मग त्या वहीची एक प्रत आपल्यासारखीच गाडी असलेल्या माणसाला द्या. आज दुकानात मिळणारा शेवटचा पार्ट उद्या संपेल. त्याचं माप लिहिलेलं असेल, तर तो पुन्हा बनवता येईल.